नॉनस्टिक मीटलोफ पॅन: सोलापूरच्या किचनमधून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

हा लांबट पॅन हल्ली सोलापुरात बऱ्याच घरी दिसतो, कुणाला पुण्यातल्या लेकीनं पाठवलेला, कुणाला ओटीजीबरोबर (म्हणजे तो छोटा विजेचा ओव्हन) फुकट आलेला, आणि मग दोनदा वापरून तो फळीवर जातो कारण काहीतरी चिकटलं किंवा कोटिंग उडालं. मी घरीच बेकिंगचे क्लास घेते, फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. आधीच एक सांगते, आपला हात बसलेला असतो लोखंडी तव्यावर, तवा धूर निघेपर्यंत तापवायचा, उलथन्यानं खरवडायचा, तारेनं घासायचा आणि वर फडक्यानं तेल फिरवून ठेवायचा. तव्याला हे सगळं मानवतं, नॉनस्टिकला यातलं एकही मानवत नाही. खालची निम्मी उत्तरं याच एका कारणातून आलीयेत.

मीटलोफ म्हणजे काय ओ? आणि त्याला वेगळा पॅन कशाला?

खिमा, कांदा, अंडं आणि ब्रेडचा चुरा एकत्र मळून, पावासारखा लांबट आकार देऊन ओव्हनमध्ये भाजायचा आणि जरा निवला की जाड स्लाइस कापायच्या. अमेरिकेत हे अगदी घरचं रोजचं जेवण, तिकडे बीफचा किंवा बीफ-पोर्क मिक्स खिमा घेतात. आपण मटणाचा नाहीतर चिकनचा घ्यायचा. ज्यांना शीक कबाब आवडतो त्यांना हा प्रकार लगेच पटतो, मसाला तोच ठेवला तरी चालतं.

पॅन म्हणाल तर साधा ब्रेडचा लोफ पॅनही चालतो. खास मीटलोफचा म्हणून जो विकतात तो दोन भागांचा असतो, आत भोकं असलेला एक पॅन आणि बाहेर अख्खा पॅन, मध्ये थोडी जागा. सुटलेली चरबी भोकांतून खाली जाते आणि लोफ तिच्यात पोहत बसत नाही.

मग दोन भागांचाच घ्यावा का?

तुम्ही काय बनवणार त्यावर आहे. बीफ-पोर्कच्या खिम्याला भरपूर चरबी सुटते म्हणून तिकडे त्याचा उपयोग जास्त. आपल्याकडचं बोकडाचं मटण मुळातच कमी चरबीचं, त्याचा खिमा घेतला तर खाली जेमतेम चमचा-दोन चमचे गोळा होतं, आणि चिकन ब्रेस्टचा घेतला तर तेवढंही नाही, उलट लोफ कोरडा पडतो. मेंढीचं मटण आणत असाल, किंवा खाटकाला सांगून खिम्यात चरबी टाकून घेत असाल (घ्याच, त्याशिवाय लोफ ठसका लागेल इतका कोरडा होतो), तर आतला भोकांचा पॅन कामाला येतो.

पण त्यात केक नाही होणार हां, पीठ भोकांतून खाली उतरतं. बटर पेपर घालून करता येतं पण मग भोकांचा उपयोग काय. दुसरं म्हणजे त्या बारीक भोकांच्या कडा, कोटिंग सगळ्यात आधी तिथूनच सुटायला लागतं आणि मटणाची चरबी गार झाली की तिथेच मेणासारखी गोठून बसते. घरात बेकिंग नवीन असेल तर माझं मत साधा एक भागाचा पॅन घ्या, केक, ब्रेड, खिमा सगळं त्याच्यात होतं.

साइज कुठली?

दोन साइज जास्त दिसतात. ९ बाय ५ इंच, म्हणजे साधारण २३ बाय १३ सेंटिमीटर, आणि साडेआठ बाय साडेचार. ऐकायला अर्ध्या इंचाचा फरक पण मोठ्यात जवळपास १.९ लिटर पाणी बसतं आणि लहानात १.४ च्या आसपास. लेबलवर विश्वास नसेल तर दुकानातून आणल्यावर पाण्याची लिटरची बाटली घेऊन पॅन भरून बघा, काठोकाठ किती बसतं ते एकदा कळलं की कुठल्याही रेसिपीचा हिशोब लागतो.

अर्धा किलो खिम्याला मोठा पॅन घेतला तर लोफ बुटका होतो आणि लवकर सुकतो. पाऊण ते एक किलोला मोठा बरोबर. चार माणसांच्या घराला मी लहानच सांगते, पाहुणे आले तर दोन वेळा लावा.

आमच्या ओटीजीत मावेल का?

पॅनचं लेबलवरचं माप बहुतेक वेळा वरच्या काठाच्या आतून घेतलेलं असतं. दोन्ही बाजूचे कान धरले तर ९ इंची पॅन १०-११ इंच होतो. तेव्हा लिटरमध्ये नका बघू, ओटीजीची आतली रुंदी आणि खोली टेपनं मोजा, आणि चारही बाजूंनी किमान इंचभर मोकळं राहील असं बघा नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि रॉडच्या बाजूची कड करपते. उंचीसुद्धा बघा, वरचा रॉड लोफच्या डोक्याला टेकेल इतका जवळ नको.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

हातात घेऊन बघता येत असेल तर ऑनलाइन मागवू नका, नवी पेठेत एक चक्कर मारा. पॅन उचला, वजन बघा. भिंतीवर अंगठ्यानं दाबा, पत्र्याच्या डब्यासारखी आत गेली तर ठेवून द्या, असा पातळ पॅन ओव्हनमध्ये तापला की टण्णकन आवाज करून वाकडा होतो. काठ गोल वळवलेला असावा, त्यानं पॅनला ताकद येते. मग आतले चार कोपरे बघा. काहींचे घडी घालून केलेले असतात, त्या घडीत खिम्याचे कण आणि तेल अडकतं आणि पुढे तिथून गंज येतो, एकसंध दाबून काढलेले गोल कोपरे धुवायला सोपे.

रंगाचंही आहे. काळा किंवा गडद पॅन उष्णता जास्त ओढतो, कडा लवकर लाल होतात. खिम्याला ते छान लागतं पण केकचा तळ करपतो, म्हणून गडद पॅनमध्ये केक करताना तापमान १०-१५ डिग्री कमी ठेवायचं. फक्त केकच करणार असाल तर फिकट राखाडी घ्या.

बॉक्सवर ओव्हनचं कमाल तापमान लिहिलंय का ते नक्की वाचा. जिथे काहीच लिहिलेलं नाही तो पॅन मी तरी घेत नाही, दुकानदार दादा कितीही म्हणोत "घ्या ताई काही होत नाही".

टेफ्लॉन, सिरॅमिक, सिलिकॉन, नेमकं कोणतं कोटिंग?

टेफ्लॉन हे नाव झालं, पदार्थ पीटीएफई. १९३८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना तो एका वायूवर प्रयोग करताना अचानक सापडला. पुढे १९५४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेगॉर हे मासेमारीच्या सामानासाठी त्याचं कोटिंग करत होते, त्यांच्या बायकोनं सांगितलं की हे माझ्या भांड्यांना लावा की, त्यातून १९५६ मध्ये टेफाल कंपनी निघाली. म्हणजे नॉनस्टिक भांड्याची आयडिया शेवटी किचनमधूनच आली!

पीटीएफई सगळ्यात चांगलं सुटतं आणि टिकतंही. सिरॅमिक म्हणून जे मिळतं ते मातीचं भांडं नाही, धातूवर सिलिकावर आधारलेला थर असतो, उष्णता जास्त सोसतो पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो. बेकिंगच्या बऱ्याच स्वस्त पॅनला सिलिकॉनचं कोटिंग असतं, केक-ब्रेडला ठीक, तापमानाची मर्यादा मात्र बहुतेक वेळा २२०-२३० डिग्री. खिम्यासाठी विचाराल तर पीटीएफई.

नॉनस्टिकनं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?

हा प्रश्न तर दर क्लासला येतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. एक पीटीएफई, म्हणजे पॅनवरचा थर. दुसरं पीएफओए, हे ते कोटिंग तयार करताना पूर्वी कारखान्यात वापरायचे. घातक आहे ते पीएफओए, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये ते माणसाला कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर बंद करायचं २००६ मध्येच कबूल केलं होतं. म्हणून आता बॉक्सवर पीएफओए-फ्री लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या, पण त्याचा अर्थ पीटीएफई नाही असा होत नाही हेही लक्षात ठेवा.

चुकून कोटिंगचा कण पोटात गेला तर? पीटीएफई पचत नाही, शरीरात कशाशी प्रक्रिया करत नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणून एका कणानं घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते जास्त तापवण्याला.

किती तापमान म्हणजे जास्त?

पीटीएफई साधारण २६० डिग्रीच्या पुढे हळूहळू खराब व्हायला लागतं आणि ३५० च्या आसपास चांगलंच विघटन होऊन विषारी वाफा निघतात. माणसाला त्यानं ताप-सर्दीसारखं होतं, थंडी वाजते, छाती जड होते. पक्ष्यांना मात्र जिवावर बेततं, त्यांची फुफ्फुसं फार नाजूक. घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर पिंजरा किचनमध्ये किंवा किचनच्या खिडकीशी ठेवूच नका, हे मी सगळ्यांना बजावून सांगते.

मीटलोफ १७५-१८० डिग्रीला होतो, म्हणजे पॅन नीट वापरला तर धोक्याच्या जवळपासही आपण जात नाही. धोका येतो तो तीन ठिकाणी: रिकामा पॅन ओव्हनमध्ये प्रीहीटला ठेवला तर, वरून लाल करायला नुसता वरचा रॉड फुल्ल करून लोफ त्याच्याखाली ठेवला तर, आणि पॅन सरळ गॅसवर ठेवला तर. ओटीजीचं बटण जे तापमान दाखवतं ते आत असतंच असंही नाही, पंधरा-वीस डिग्री इकडेतिकडे सहज असतं, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या.

गॅसवर ठेवून खिमा आधी परतून घेऊ का त्यातच?

नाही! हा बेकिंगचा पॅन, पत्रा पातळ, गॅसची ज्योत एका जागी लागते आणि तिथलं कोटिंग मिनिटा-दोन मिनिटांत जातं. कांदा-आलं-लसूण परतायचं तर कढईत परता, गार करा, मग खिम्यात मिसळा.

ओव्हन नाही, कुकरमध्ये किंवा कढईत होईल का?

होतं, पण लांबट पॅन ५ लिटरच्या कुकरमध्ये बसतच नाही, इथेच गाडी अडते. मोठं जाड पातेलं घ्या, तळाला मीठ किंवा वाळूचा थर, त्यावर स्टँड, झाकण घट्ट, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग भरलेला पॅन आत. पॅन भरलेला असल्यामुळे कोटिंग फार तापत नाही, पण पॅन तळाला टेकता कामा नये. आतलं तापमान कळत नाही म्हणून मटणासाठी ही पद्धत मला फारशी आवडत नाही, केकला ठीक.

मायक्रोवेव्हमध्ये?

धातूचा पॅन मायक्रोवेव्ह मोडवर कधीच नाही, ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शन मोडवर, म्हणजे गरम हवेनं भाजतं त्या मोडवर चालतो, मशीनच्या पुस्तकात परवानगी आहे का ते बघून.

नॉनस्टिक आहे मग तेल कशाला लावायचं?

अगदी थोडं लावा, बोटानं, विशेषतः कोपऱ्यांना. तेलाच्या स्प्रेचा डबा मात्र नको. त्या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा लेसिथिन असतं, ते तापून पिवळसर चिकट थर होतो आणि साध्या धुण्यानं जात नाही, आणि मग लोक म्हणतात नवा पॅन चिकट झाला. तुमचा पॅन हाताला चिकट लागतोय आणि तुम्ही स्प्रे वापरता, तर कारण नव्वद टक्के तेच.

माझी पद्धत अशी की बटर पेपरची एक रुंद पट्टी आडवी घालायची, दोन्ही टोकं पॅनच्या बाहेर लोंबती ठेवायची. झालं की टोकं धरून अख्खा लोफ वर उचलायचा. पॅन उपडा करायला नको, आत चाकू घालायला नको.

किलोभर खिम्याचं प्रमाण सांगा ना, आणि शिजलंय कसं ओळखायचं?

९ बाय ५ च्या पॅनला पाऊण किलो ते एक किलो मटण खिमा, दोन अंडी, दोन मध्यम कांदे बारीक चिरून परतलेले, आलं-लसूण, मीठ, आणि आपला काळा मसाला दोन चमचे. बांधायला ब्रेडचा चुरा दुधात भिजवून घालतात, अर्धी वाटी दूध, पाऊण वाटी चुरा. मी ब्रेडऐवजी कडक भाकरी घेते. ज्वारीची कडक भाकरी हातानंच मोडायची, मग मिक्सरला एकदाच फिरवायची, पीठ नाही करायचं, रव्यापेक्षा जरा जाडसर ठेवायची, दुधात पंधरा मिनिटं भिजू द्यायची. ती ब्रेडपेक्षा सावकाश भिजते पण लोफमध्ये मस्त दाणेदार लागते आणि सुटलेला रस धरून ठेवते. शेंगांचं कूट मूठभर घातलं तर चव एकदम घरची होते, जास्त घातलं तर स्लाइस कापताना तुटतात.

मळायचं हलक्या हातानं, कणकेसारखं तिंबलं तर लोफ रबरासारखा होतो. पॅनमध्ये भरताना दाबून ठासू नका, वर बोटभर जागा ठेवा, आणि खाली एक ट्रे ठेवा, चरबी उतू गेली तर ओटीजीच्या रॉडवर पडून धूर होतो.

१८० डिग्रीला तासभर धरा, पॅन आणि ओव्हननुसार कमीजास्त. वरून बघून कळत नाही, खिमा बाहेरून तपकिरी आणि आत कच्चा असू शकतो. मधोमध थर्मामीटर घालून बघायचं, मटणाला आत ७१ डिग्री हवं, चिकनला ७४. टोक तळाला टेकवू नका, आकडाही चुकतो आणि कोटिंगलाही भोक पडतं. केचपचा थर द्यायचा तर शेवटच्या पंधरा मिनिटांत, साखर असते ना, आधी लावला तर करपतो आणि कडेला जाऊन पॅनला डांबरासारखा चिकटतो.

बाहेर काढल्यावर १०-१५ मिनिटं हात लावू नका. नंतर ट्रेवर काढून कापा.

पॅनमध्येच चाकूनं कापलं तर काय होतं, हळू कापलं तरी?

हळू कापलं तरी रेघ उमटते. रेघेतून पाणी आत जातं, खालचा पत्रा गंजतो, मग कोटिंग फुगून पापुद्रे निघतात. लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा ठेवा. आणि हो, घरच्या सगळ्यांना सांगा, कारण आपण जपतो आणि रात्री कुणीतरी फ्रिजमधून पॅन काढून स्टीलच्या चमच्यानं तुकडा मोडून घेतं.

घासायचा कसा? मावशींना काय सांगू?

मावशींना सांगूच नका, हा एक पॅन स्वतः धुवा. त्यांचा दोष नाही, दहा घरांची भांडी तारेनं घासायची सवय असते, हात आपोआप तिकडे जातो. सांगायचंच असेल तर पॅन वेगळा ठेवा, बेसिनमध्ये बाकीच्या भांड्यांखाली नको.

गरम पॅनवर गार पाणी ओतू नका, पत्रा वाकतो. कोमट झाला की आधी गोठायला लागलेली चरबी जुन्या पेपरनं पुसून काढा, ती बेसिनमध्ये गेली तर पाइप तुंबतो, मटणाची चरबी तर हमखास. मग आत दोन बोटं गरम पाणी आणि थेंबभर लिक्विड, वीस मिनिटं, आणि मऊ स्पंजनं पुसा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे भांडं वाहत्या पाण्याखाली धरून घासण्याची चैन नाहीच, पण भिजवून ठेवलं तर दोन तांब्यांत काम होतं.

राख, तार, काथ्या, स्पंजची ती हिरवी खरबरीत बाजू, पावडर, काही नको. तपकिरी झालेलं तेल जात नसेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप लावा, अर्धा तास ठेवा, बोटानं चोळा. बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग आले असतील तर व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन फडक्यानं पुसा आणि लगेच धुवा, भिजवून ठेवू नका.

धुतल्यावर पुसून, उपडा न घालता कोरडा होऊ द्या. वळवलेल्या काठाच्या आत पाणी राहतं, गंज तिथूनच सुरू होतो. ओव्हन अजून कोमट असेल तर बंद ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवला तरी काठ आतून सुकतो.

डिशवॉशरला चालतो लिहिलंय, टाकू का?

टाकता येतो, लवकर म्हातारा होतो. त्याची पावडर क्षारयुक्त असते, उघडं अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं आणि कोटिंग फिकं पडतं.

ठेवायचा कसा?

पॅनमध्ये पॅन घालायचा तर मध्ये कापड. सोलापुरात कापड कमी आहे का, घरात जुना टेरी टॉवेल असतोच, त्याचे पॅनच्या मापाचे तुकडे करून ठेवा. आत चमचे, साचे, बिस्किटाचे कटर कोंबू नका.

उरलेला लोफ पॅनसकट फ्रिजमध्ये ठेवला तर?

नको. टोमॅटो-लिंबाचं आंबट रात्रभर कोटिंगवर बसतं, बारीक रेघा असतील तर खालच्या धातूपर्यंत जातं. डब्यात काढा. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा खिम्याचा पदार्थ तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नका, कच्चा असो की शिजलेला. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी स्लाइस तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून भाकरी आणि शेंगा चटणीबरोबर खा, मला तर पहिल्या दिवसापेक्षा तोच जास्त आवडतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी, मग पॅन वाया का?

अजिबात नाही. राजमा किंवा मसूर शिजवून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर ठेचून, त्यात कडक भाकरीचा चुरा, कूट आणि परतलेला कांदा घालून असाच लोफ होतो, १८० ला चाळीसएक मिनिटं. चरबी सुटत नाही म्हणून तेल जरा सढळ. सोयाचुरा घेतला तर पिळून पिळून पाणी काढा. बाकी ब्रेड, केक, ढोकळासुद्धा. फक्त ज्या पॅनमध्ये मटण होतं त्यात सासूबाईंच्या उपवासाचा केक करू नका, कितीही धुतला तरी घरात भांडण होतं, दोन पॅन ठेवा.

कोटिंग निघायला लागलंय, टाकून देऊ?

एखादी बारीक रेघ असेल तर बटर पेपर घालून खुशाल वापरा. पापुद्रे निघतायत, फोड आलेत, आतला पत्रा दिसतोय किंवा गंज आहे, तर संपला. पुन्हा कोटिंग करून मिळेल का म्हणून विचारतात, लोफ पॅनच्या किमतीत ते परवडत नाही. भंगारवाल्याला द्या, किंवा तळाला भोकं पाडून कोथिंबीर लावा, लांबट असल्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर बरोबर बसतो.